अर्ध्या सेकंदासाठी टाइमशीटमध्ये कोड आहे का?

प्रति,
महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे तंत्रज्ञानप्रमुख, सुरक्षाप्रमुख आणि डिलिव्हरी हेड यांस

सप्रेम नमस्कार.

सध्या आपल्याकडे एक एक्सेल शीट फिरते आहे. नाव ठिकठिकाणी वेगळे, मजकूर साधारण तोच. कंपनी वापरत असलेल्या प्रत्येक ओपन सोर्स लायब्ररीसमोर (म्हणजे इतरांनी लिहून सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या तयार कोडसमोर) तिच्या मालकाचे नाव, देश, सुरक्षा प्रमाणपत्र, चोवीस तास लागणारा फोन नंबर आणि ‘या सॉफ्टवेअरमध्ये बॅकडोअर (चोरदार) नाही’ अशी लेखी हमी, असे रकाने असतात. उत्तर आले नाही तर दर दोन दिवसांनी स्मरणपत्र पाठवा, अशी खाली सूचना. माझ्याकडे आलेली शीट एका ग्राहक कंपनीची होती आणि ती भरायचे काम रिवाजाप्रमाणे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या गळ्यात पडले. हे कशासाठी, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “एक्सझेडनंतर ऑडिटवाले ऐकत नाहीत.”

एक्सझेडचे नाव निघालेच आहे तर २०२४मध्ये त्यात चोरदार सापडल्याचे ते प्रकरण नीट आठवू या. चोर तिथे ज्या वाटेने आत शिरला, ती वाट ही शीट बंद करत नाही, उलट रुंद करते, असे माझे म्हणणे आहे.

एक्सझेड म्हणजे फाइली दाबून लहान करणारे एक साधन. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर ते असते आणि कुणाच्या लक्षातही नसते. फिनलंडमधला लासे कोलिन हा गृहस्थ वर्षानुवर्षे ते जवळपास एकट्याने, पदरचा वेळ घालून सांभाळत होता. ऑक्टोबर २०२१मध्ये त्याच्याकडे ‘जिया तान’ या नावाने पहिला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, आला. एडिटरच्या सेटिंगची एक किरकोळ फाइल, एवढेच. मग आणखी पॅच आले. कामाचे होते, नीट लिहिलेले होते.

२०२२च्या उन्हाळ्यात एक्सझेडच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे ईमेलवरच्या जाहीर चर्चेत, एक नवा माणूस उगवला. त्याचे नाव जिगर कुमार. नाव ऐकून दचकू नका, आपल्या कुठल्याही मजल्यावर हाक मारली तर दोन जण मान वळवतील असेच नाव आहे. हा जिगर कुमार कोड लिहीत नव्हता, तो फक्त विचारत होता: जियाचा पॅच अजून का घेतला नाही? पॅच इथे वर्षानुवर्षे पडून असतात. सध्याच्या मेंटेनरला (सांभाळणाऱ्याला) यात रस उरलेला दिसत नाही. नवा मेंटेनर आल्याशिवाय हे पुढे सरकणार नाही. जोडीला डेनिस एन्स नावाचा दुसरा आला, तो जरा गोड बोलणारा. कोलिनने जून २०२२मध्ये उत्तर दिले ते वाचण्यासारखे आहे. रस गेलेला नाही, पण बऱ्याच काळापासून मानसिक आरोग्याचा त्रास असल्याने झेपत नाही. आणि हे बिनपगारी, हौसेचे काम आहे, हेही ध्यानात ठेवा. जिया तान आपल्याला मदत करतो आहे, पुढे कदाचित त्याच्याकडे मोठी जबाबदारी येईल, असेही त्याने सांगितले. त्यावर एन्सचा शहाजोग सल्ला: तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटते, पण आपल्या मर्यादा ओळखायला हव्यात.

या दोघांचा त्याआधी किंवा त्यानंतर इंटरनेटवर कुठे मागमूस सापडत नाही. दोन्ही खाती याच कामासाठी उभी केलेली असावीत, असा जाणकारांचा तर्क आहे.

इथे पासवर्ड फोडला गेला नाही, सर्व्हरवर हल्ला झाला नाही. थकलेल्या माणसामागे तगादा लावला गेला आणि शेजारी हसतमुख मदतनीस उभा केला गेला. भिडेपोटी किल्ली हातात आली. २०२३च्या वसंतापर्यंत जिया तान स्वतः रिलीज काढू लागला होता.

पुढचे तंत्र तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल, तरी थोडे जवळून पाहू, कारण आपली स्कॅनिंगची साधने कुठे आंधळी होती ते त्यातच दिसते. २४ फेब्रुवारी २०२४ला ५.६.० ही आवृत्ती आली. फाइली दाबणाऱ्या साधनाच्या चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या फाइली लागतात. अशा चाचणीच्याच दोन फाइलींत दुष्ट कोड दडवला होता. बिघडलेल्या फाइलीत कचरा दिसला तर संशय कुणाला येणार? तो कचरा बाहेर काढून जोडणारी ओळ बिल्ड स्क्रिप्टमध्ये (कोडमधून चालता प्रोग्राम बांधणाऱ्या सूचनांत) होती, पण फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात. गिटमध्ये, जिथे कोडमधला प्रत्येक बदल नोंदलेला असतो, ती नव्हतीच. म्हणजे कोणी गिटवरचा सगळा कोड ओळीने वाचला असता, तरी ती ओळ त्याच्या नजरेला पडली नसती. यंत्र ६४-बिट इंटेल जातीचे आहे का, बिल्ड लिनक्सच्या डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीच्या पॅकेजसाठी चालले आहे का, हे तपासून मगच ती स्क्रिप्ट कामाला लागे. एरवी चूपचाप.

आणि निशाणा होता एसएसएच, दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय. ओपनएसएसएच या तिच्या सर्रास वापरातल्या सॉफ्टवेअरचा एक्सझेडशी मुळात संबंध नाही. पण डेबियन, फेडोरा वगैरेंनी सोयीसाठी एसएसएच सर्व्हरला सिस्टिमडी या यंत्रावरच्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या लायब्ररीशी जोडले होते आणि ती लायब्ररी एक्सझेडला सोबत घेऊन येत होती. त्या आडवाटेने आत येऊन हा कोड लॉगिनच्या वेळी किल्ली तपासणाऱ्या फंक्शनवर जाऊन बसे. हल्लेखोराकडच्या खास किल्लीने सही केलेला संदेश आला, की पासवर्ड न विचारता त्याची कमांड रूट (सर्वाधिकारी) म्हणून चालवायची. बाकी सगळ्यांसाठी दार नेहमीसारखे बंद.

त्याच सुमारास केलेला आणखी एक बदल मला फार अस्वस्थ करतो. प्रोग्रामचे हातपाय बांधून ठेवणारी लँडलॉक नावाची सोय यंत्रावर आहे का, हे तपासणाऱ्या तुकड्यात एका ओळीच्या सुरुवातीला एक टिंब पडले होते. त्यामुळे तपासणी कायम नापास होई आणि संरक्षण गुपचूप बंद राही. एक टिंब. रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांना ते स्क्रीनवरच्या धुळीसारखे वाटले असते.

आता हे सापडले कसे, ते पाहा. माझ्या पत्राचा मुद्दा तिथे आहे.

आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा अभियंता, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. तो पोस्टग्रेसच्या वेगाची बारीक मोजमापे घेत होता आणि त्यासाठी यंत्रावरची बाकी गडबड शांत करत होता. एसएसएचच्या प्रक्रिया विनाकारण सीपीयू खाताना दिसल्या, तेही युजरनेम चुकीचे असल्याने लगेच नाकारल्या जाणाऱ्या लॉगिनसाठी. पूर्वी लॉगिनला सुमारे ०.३ सेकंद लागत, आता ०.८ लागत होते. काही आठवड्यांपूर्वी चाचण्यांमध्ये व्हॅलग्रिंड या मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या साधनाने केलेली एक विचित्र तक्रारही त्याला आठवली. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्च २०२४ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्याने सगळे जगापुढे मांडले.

तुमच्या कंपनीत हे घडले असते का? प्रामाणिकपणे विचार करा. ‘लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो’ असे तिकीट कोणी टाकले असते, तर एल-वनने (सपोर्टच्या पहिल्या पायरीने) ‘नेटवर्क इश्यू’ म्हणून पुढे ढकलले असते, एल-टूने रीस्टार्ट केले असते आणि शुक्रवारी एसएलए (करारातली मुदत) सांभाळण्यासाठी ते बंद झाले असते. कोणी हट्टाने खोदायला बसलाच, तर संध्याकाळी मॅनेजरचा प्रश्न ठरलेला: हे तास कुठल्या प्रोजेक्ट कोडवर टाकणार?

म्हणजे या गोष्टीत एका टोकाला बिनपगारी, एकटा, दमलेला माणूस आहे. दार तिथे उघडले. दुसऱ्या टोकाला ओपन सोर्सवरच काम करायचा पगार मिळणारा, अर्ध्या सेकंदाचा माग काढण्याची मुभा असलेला माणूस आहे. दार तिथे बंद झाले. एवढा फरक डोळ्यांसमोर असताना आपण काढलेला निष्कर्ष काय, तर एक्सेल शीट. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच.

धोक्याची घंटा तशी पहिली नव्हती. २०१८मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या लायब्ररीचा मूळ लेखक कधीच दुसऱ्या कामाला लागला होता. एका अनोळखी माणसाने ‘मी सांभाळतो’ म्हणून मेल केली, याने देऊन टाकली. थोड्याच दिवसांत तिच्यातून बिटकॉइनच्या एका वॉलेटवर डल्ला मारणारा कोड पसरू लागला. तेव्हा सगळे त्या लेखकावरच तुटून पडले. त्याने आपल्याला यातून काही मिळत नाही, असे सांगितले, तर तेही लोकांना उद्धटपणाचे वाटले.

एक्सझेडनंतर मात्र लोक बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागले, हे नमूद करायला हवे. डेबियन, फेडोरा, ओपनसूसे यांनी काही तासांत जुनी आवृत्ती परत आणली. हे विष मुख्यतः चाचणीच्या किंवा सतत बदलत्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचले होते. बहुतेकांच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर ते आलेच नव्हते. उबुंटूने २४.०४ची बीटा आठवडाभर पुढे ढकलली आणि त्या काळात बांधलेली पॅकेजे पुन्हा बांधली. डेबियनने १२.६ ही आवृत्ती लांबवली. अनोळखी लोकांनी रात्री जागून त्या दोन फाइली सोलून काढल्या आणि सापडेल ते लगेच सगळ्यांपुढे ठेवले. सुट्टीवर असलेल्या कोलिनने सहज मेल उघडून पाहिली तर हा गोंधळ; तो परत आला, जियाचे एकेक काम तपासत बसला आणि मेअखेरीस ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती त्यानेच काढली. बहुतेकांनी त्याच्याकडे बोट दाखवले नाही. खटकणारी गोष्ट म्हणजे कोड जिथे ठेवला होता त्या गिटहबने सगळी रिपॉझिटरीच (कोडची कोठी) बंद केली आणि चोराबरोबर कोलिनचेही खाते गोठवले. ऐन तपासाच्या वेळी पुरावा कुलूपबंद. ती कोठी पुढे उघडली, पण सुरुवातीचे दिवस अभ्यासकांना इतरत्र ठेवलेल्या प्रतींवर काढावे लागले.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ओपनजेएस फाउंडेशन आणि ओपनएसएसएफ या ओपन सोर्स संस्थांनी इशारा दिला, की जावास्क्रिप्टच्या प्रकल्पांतही अशाच अनोळखी खात्यांनी ‘आम्हाला मेंटेनर करा’ असा लकडा लावलेला आढळला आहे. म्हणजे तगादा हेच हत्यार आहे. आणि तुमची शीट काय करते? दर दोन दिवसांनी स्मरणपत्र.

असे स्मरणपत्र गेल्यावर पलीकडे काय होते, त्याचा जाहीर नमुना उपलब्ध आहे. लॉगफोरजे या लायब्ररीतल्या सुरक्षेच्या भोकाने डिसेंबर २०२१मध्ये जगाची झोप उडवली होती. जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेतल्या एका बलाढ्य कंपनीने कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या साधनाचा लेखक डॅनियल स्टेनबर्ग याला मेल पाठवली: तुमच्या उत्पादनात लॉगफोरजे आहे का, कधी दुरुस्त कराल, चोवीस तासांत कळवा. कर्ल सी भाषेत आहे, लॉगफोरजे जावाचे. दोघांचा दुरूनही संबंध नाही. शिवाय त्या कंपनीने स्टेनबर्गला कधी छदाम दिलेला नव्हता. त्याने सभ्यपणे कळवले, की सपोर्टचा करार केलात तर आनंदाने उत्तरे देईन. त्यावर जे उत्तर आले त्याची सुरुवात होती, ‘हाय डेव्हिड’.

आपल्याकडून जाणाऱ्या मेलमध्ये यापेक्षा वेगळे काही असते असे मला वाटत नाही.

शीटमधल्या ‘देश’ या रकान्याबद्दलही बोलायला हवे. जिया तान हे नाव चिनी वळणाचे आहे, त्याच्या कोडवरच्या घड्याळाचा टाइमझोनही बहुतेक वेळा पूर्व आशियाचा आहे. पण मध्येच काही नोंदींवर पूर्व युरोपाची वेळ पडलेली आढळली. हा माणूस किंवा हा गट कोण, हे आजवर जाहीरपणे सिद्ध झालेले नाही. नाव टोपण, घड्याळ बदलता येणारे. नावावरून देश आणि देशावरून नियत ठरवायची असेल, तर जिगर कुमारच्या नावाने उद्या परदेशातला कोणी सुरक्षाप्रमुख भारतातून आलेले पॅच नाकारू लागेल, आणि त्यात भरडली जातील आपलीच पोरे.

काही बैठकांमध्ये यावर ठरलेला उपाय सुचवला जातो: ओपन सोर्स नकोच, विकतचे घ्या. सोलरविंड्स हे नेटवर्कवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर विकतचेच होते. २०२०मध्ये त्याच्या अधिकृत, सही केलेल्या अपडेटमधून बॅकडोअर सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेले आणि ते उघडकीला यायला कित्येक महिने गेले. तिथे बाहेरच्या कोणाला उघडून पाहायची सोयच नव्हती. एवढे सांगून हा विषय सोडतो.

तर मग मागणी काय? पैसे पाठवा, असे मी पहिल्यांदा म्हणणार नाही, जरी ते वाईट नाही. जर्मनी सरकारने सॉव्हरिन टेक फंड काढून या पायाभूत सॉफ्टवेअरला रक्कम द्यायला २०२२मध्ये सुरुवात केली. आपल्याकडे झिरोधाने २०२४मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलरचा. पुण्या-मुंबईतल्या, त्याहून कितीतरी मोठा ताळेबंद असलेल्या कंपन्यांनी त्यावर लिंक्डइनवर टाळ्या वाजवल्या, एवढे मी पाहिले.

पैशापेक्षा आधी वेळ द्या. टाइमशीटमध्ये एक प्रोजेक्ट कोड उघडा: आपण वापरतो त्या ओपन सोर्सची देखभाल. अनुभवी माणसांचे आठवड्यातले काही तास त्यावर पडू देत आणि अप्रेझलच्या वेळी ते तास ‘नॉन-बिलेबल’ म्हणून त्या माणसाच्या विरोधात मोजू नका. या वेळात त्याने नवे फीचर लिहायचे नाही. जुने बग पुन्हा घडवून पाहायचे, इतरांचे पॅच तपासायचे, टारबॉल आणि गिट यांच्यात फरक आहे का ते पाहायचे, कागदपत्रे नीट करायची. कंटाळवाणी कामे आहेत. मेंटेनर दमतो तो याच कामांनी.

बेंचवरच्या, म्हणजे हाती प्रोजेक्ट नसलेल्या, शंभर मुलांना एकदम सोडून देऊ नका, ही हात जोडून विनंती. २०२०च्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या उपक्रमात टी-शर्टच्या मोहापायी रीडमी फाइलींत ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असे शब्द घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टचा (‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांचा) पाऊस पडला होता आणि त्यात भारतातल्या विद्यार्थ्यांचा वाटा लपून राहण्यासारखा नव्हता. मेंटेनर लोकांनी तो ऑक्टोबर कचरा उचलण्यात घालवला. आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. असली मदत म्हणजे नवा तगादा. एक लायब्ररी, एक-दोन जाणती माणसे आणि निदान दोन वर्षांची शाश्वती, एवढे पुरे. जिया तानच्या मागे जो कोणी होता, त्याने एका लायब्ररीसाठी जवळपास अडीच वर्षे धीर धरला. आपला धीर तिमाही निकालापुरता असेल तर बरोबरी कशी व्हायची?

हे आपल्याकडे जमत नाही असेही कोणी म्हणू नये. लिनक्सवर मराठी वाचताना वर्षानुवर्षे समोर आलेले लोहित फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी पगारी वेळेत सांभाळलेले आहेत. काना-मात्रा कुठे सरकली, जोडाक्षर कुठे तुटले, याच्या तक्रारी घ्यायच्या आणि दुरुस्त करायच्या, हे त्यांचे नोकरीतले काम होते. त्याला कोणी समाजसेवा म्हटले नाही.

आणि मेंटेनरला मेल पाठवायचीच असेल तर आधी त्याचे नाव नीट वाचा. उत्तर हवे असेल तर करार करा. आपण कोणती आवृत्ती वापरतो, कुठे अडते, त्यासाठी आपण कोणते काम करायला तयार आहोत, ते लिहा. तो ‘आत्ता वेळ नाही’ म्हणाला तर तेच उत्तर समजा आणि दोन दिवसांनी पुन्हा दार वाजवू नका. लिस्टवर दुसरे कोणी त्याला धारेवर धरताना दिसले, तर तुमच्या माणसाने कंपनीच्या ईमेलवरून दोन ओळी लिहाव्यात: आम्ही हे वापरतो, आम्हाला घाई नाही, अमुक पॅच आम्ही तपासून देतो. २०२२च्या त्या जूनमध्ये एक्सझेडवर पोट भरणाऱ्या एखाद्या कंपनीने एवढे लिहिले असते, तर जिगर कुमारची डाळ इतक्या सहज शिजली नसती.

सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न तुमच्या बैठकीत येईलच. आपल्याच एखाद्या सर्व्हरवर एसएसएच कोणकोणत्या लायब्ररी ओढून आणतो ते पाहायला एक कमांड पुरते. त्या प्रत्येकीचा गेल्या वर्षाचा इतिहास उघडून त्यात किती वेगळी नावे दिसतात, तेवढे मोजायचे. जिथे एकच नाव सारखे दिसेल, ती पहिली घ्यायची. ही यादी माझ्यासारखे सर्व्हर सांभाळणारे लोक तुम्हाला आठवड्याभरात काढून देतील. टाइमशीटमध्ये तो कोड उघडायचा अधिकार मात्र आमच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. पुढच्या तिमाहीचे नियोजन सुरू होण्याआधी तो उघडावा, ही विनंती.

आपला,
पुण्यातला एक सिस्टिम ॲडमिन